मधुवंतीच्या धनुष्याचं कपाट

३० मार्च, गुढीपाडवा. सकाळी
संकल्प. मधुवंतीच्या धनुष्यबाणांसाठी कपाट आणि बाणांच्या दुरुस्तीसाठी वर्कबेंच. स्वतःच्या हाताने. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणजे काम अर्धं झाल्यात जमा. पोरगी आठवीत. अख्ख्या सोनपेठात असा नेम कुणाचा नाही, असं हेमा सांगते. मी अजून पाहिलेला नाही. दर रविवारी तिचा सराव, आणि मलाही रविवारच सापडतो. धनुष्य पलंगाखाली, बाण पाण्याच्या जुन्या पाइपात! चॅम्पियनचं सामान असं ठेवतात? बापाचं काही कर्तव्य आहे. आठवड्यात हातावेगळं करायचं.

हेमा म्हणाली, सुताराला सांगा. मी गणिताचा शिक्षक आहे. माप चुकायचा प्रश्नच येत नाही.

६ एप्रिल
राणीसावरगावहून मेहुण्याने, श्रीरामने, कडुलिंबाच्या फळ्या पाठवल्या. लिंबाला वाळवी लागत नाही. हेमा म्हणाली, ओल्या आहेत की, हात लावला तर गार लागायल्यात. मी म्हणालो, ताज्या आहेत. ताजेपणा भाजीत गुण आणि लाकडात दोष, हे कसं काय?

मधूने विचारलं, बाबा, ग्राउंडवर येता का? पुढच्या रविवारी नक्की.

२० एप्रिल
गेल्या रविवारी करवत बोथट निघाली. दिवस तिला धार लावून आणण्यात गेला. आज वर्कबेंच उभा केला. हलतो. दोष फरशीचा. अशी शहाबादी कुणी बसवली देव जाणे. काम मीच करून घेतलं होतं, पण मिस्त्री हेमाच्या माहेरचा होता.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
पाडवा मानवला नाही, म्हणून आज नव्याने संकल्प. कपाटाला दार बसवलं. सकाळी असं झकास लागलं की फोटो काढून स्टेटसला टाकला. दुपारी लागेना. फळी केळीच्या पानासारखी वाकली. बिजागरी काढली, घातली, परत काढली. स्टाफरूमची मंडळी स्टेटसला अंगठे दाखवायलीत आणि इथे माझ्या अंगठ्याचं नख काळंनिळं. हेमा म्हणाली, बनी तो बनी, नहीं तो परभणी. माणूस घाम गाळत असताना म्हणी सुचतात कशा हिला?

४ मे
शाळेला सुट्टी. आता रोजच रविवार. धनुष्य कपाटात ठेवून पाहिलं. बसेना. पुन्हा मोजलं. कपाटाचं माप बरोबर, धनुष्यच लांब. मधू म्हणाली, बाबा, तुमी दोरी चढवलेली असताना मोजलंत. ठेवताना दोरी उतरवतात, मग ते सरळ होतंय, लांब होतंय. मी म्हणालो, आधी सांगायला नको? म्हणाली, सांगितलं होतं, तुमची करवत चालू होती.

उपाय सापडला. धनुष्य तिरकं ठेवायचं. कर्ण बाजूपेक्षा मोठा, हे मी दरवर्षी पोरांना शिकवतो. बसलं! फक्त बाणांचा कप्पा मध्ये आला. कप्पा काढला. बाण सध्या पाइपातच.

११ मे
परभणीला जिल्हा निवड चाचणी. जाणारच होतो. बूटसुद्धा घातले होते. पण कपाटाला नुकतंच पॉलिश मारलेलं, आणि वारं सुटलं. कुणीतरी थांबायला हवं होतं. मधूने बाणांचा पाइप खांद्याला लावला आणि निघाली. आजकाल ती फार बोलत नाही, वय आहे. दोघी एसटीने गेल्या. धूळ बसायची ती बसलीच.

संध्याकाळी फोन आला. मधू दुसरी आली. मी विचारलं, पहिली का नाही? फोन कट झाला. रेंजचा लय त्रास आहे.

२५ मे
मधूची निवड झाली. बाहेरच्या जिल्ह्यातल्या निवासी अकॅडमीत. पुढची सगळी वर्षं तिकडेच. तिथे नवं धनुष्य मिळणार, तेही सुटं करून बॅगेत भरता येणारं. घरचं बांबूचं ती धाकट्या पोरींना देणार म्हणे. मी विचारलं, मग कपाटाचं काय? दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. दोन महिने मरमर केलेल्या माणसाने एवढंही विचारू नये?

अभिनंदन करायचं राहिलं. उद्या करू.

८ जून. रात्री
मधू गेली.

निघण्याआधी आम्ही तिला सरांच्या पाया पडायला ग्राउंडवर नेलं. मी पहिल्यांदाच गेलो. तिचे कोच हरिओम सर पुढे आले, हात धरला. म्हणाले, तुमीच का ते कपाटवाले मिस्त्री? मधू सांगायची, घरी लय दिवसांपासून काम चालू आहे म्हणून. आमच्या टार्गेटचा स्टँड खिळखिळा झालाय, करून देताल का? मला बरं वाटलं. कुणाला तरी कदर आहे. वाकून स्टँड पाहिला, दोन पट्ट्या मारा म्हणून सुचवलंही. तेवढ्यात हेमा म्हणाली, हे मधूचे बाबा.

सरांनी जीभ चावली. माफ करा म्हणाले, कधी दिसला नाहीत ना.

मधू बुटाची नाडी बांधत होती. बांधून झाली तरी वर बघेना. मी म्हणालो, मधू, एक बाण मारून दाखव. एकच. मला बघायचाय.

ती म्हणाली, बाबा, धनुष्य कालच देऊन टाकलं. आणि गाडी लागली असंल आता.

एसटी स्टँडवर गर्दी होती. मी गाडीच्या दारापाशी तिची बॅग घेऊन उभा राहिलो. फार वाईट वाटत होतं. कंडक्टरने बेल दिली तरी बॅग माझ्याच हातात होती. हेमाने ती काढून घेतली आणि खिडकीतून आत दिली.