मेंढरांचं कडवं

मित्रवर्य मुंजाबा यास आप्पासाहेबाचा संभाजीनगराहून घसघशीत रामराम.

तुझी, आवडावहिनींची आणि (तुझ्या लेखी त्यांच्याही आधी) मेंढरांची खुशाली कळव. फोनवर तू नुसतं "कोन हाय? कोन हाय?" करत राहतोस, म्हणून हे पत्र.

दिवाळीत आमच्या हिला, सारजाबाईला, अर्धांगाचा झटका आला, ते तुला ठाऊकच आहे. हातपाय सुधारले, पण वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, आवडीची गाणी ऐकवा, त्या वाटेनं कधीकधी शब्द परत येतात. नेमका तेव्हाच, पिशोरच्या जत्रेत आपण तंबूत पाहिलेला तो नावेच्या गाण्याचा सिनेमा नव्यानं काढलेला इथं लागला. मी हिला घेऊन गेलो.

आता गाण्याचं ऐक. जुन्या गाण्यात नावाडी वल्हं मारायचा आणि त्याच ठेक्यावर गाणं संथ चालायचं. नव्यात नावेला मोटार बसवलीय, त्यामुळं गाण्यालाही घाई झालीय. ढोल इतके की पोटातला चहा हलतो, आणि गाणारी बाई शेजारणीच्या कानात चहाडी सांगितल्यासारखी गाते. (खोटं कशाला बोलू, सुरुवातीची बासरी मात्र नव्यात जास्त गोड आहे. हे गावात सांगू नकोस.) दोन कडवी झाली आणि गाणं संपलं. तिसरं, मेंढरांचं कडवं आलंच नाही! लेकरं निजवताना ही तेच म्हणायची. सिनेमा सुटला, दिवे लागले, तरी ही पडद्याकडं बघत बसून राहिली. दारावरच्या बाईंशी मी कडाकडा भांडलो, कडवं का कापलं म्हणून. त्या म्हणाल्या, "काका, गाणं एवढंच आहे."

घरी आल्यावर नातीनं मोबाइलवर जुनं गाणं लावलं. मुंजाबा, त्यातही मेंढरं नाहीत!

मग डोक्यात उजेड पडला. जत्रेच्या आठही दिवस तंबूतलं रीळ दुसरं कडवं झालं की तिथंच तुटायचं. लोक ओरडायला लागले की तू उभा राहायचास आणि "म्या सिल्लोडला अख्खं ऐकलंय" म्हणून पुढचं कडवं गायचास. लबाडा, तू तोवर सिल्लोड पाहिलं तरी होतंस का? नावेत बसलेल्या नायिकेच्या गाण्यात मेंढरं कुठून आली, हे पन्नास वर्षांत अख्ख्या पिशोरात कुणालाच सुचलं नाही. तेव्हा आमच्यापुरतं मूळ गाणं तुझंच, आणि ते कुठल्याच तबकडीवर नाही.

मला एकच ओळ येते, "मेंढरं वळली पाण्यावरनं, तू का गं नाय वळली." पुढचं आठवत नाही. मी तेवढंच म्हटलं तर हिनं ओठ हलवले आणि पुढच्या ओळीची वाट पाहत राहिली. मला रडू आलं. बाकीचे शब्द लिहून पाठव.

तुझा,
आप्पासाहेब

ता. क. लिहून नको पाठवूस. माझा आवाज तुला माहीत आहे. मेंढरं पोराकडं, कडूबाकडं सोपव आणि स्वतः ये.

ता. क. दुसरा. आत्ता हिला सांगितलं, ते कडवं मुंजाबाचं होतं म्हणून. ही हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा. म्हणजे हिला ते आधीपासून ठाऊक होतं, आणि पन्नास वर्षं माझ्या घरात, माझी लेकरं तुझ्या गाण्यावर झोपत होती! राग आला का म्हणशील, तर आलाय. तरी उद्याच्याच एसटीनं ये.