सिग्नलला अम्माला धडकलो

अक्का,

तुझी स्कूटर ठीक आहे, फक्त समोरचा दिवा गेलाय. मी यशवंतपूरच्या सिग्नलला थांबून फोनवर माकडाचा व्हिडिओ बघत होतो. मागून हॉर्न वाजले म्हणजे सिग्नल सुटला, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. मीही वर न बघता स्कूटर पुढे काढली. सिग्नल लालच होता. समोर ड्रायव्हिंग स्कूलची गाडी होती, तिच्यावर आदळलो.

"डोळे काय डोशाच्या तव्यावर ठेवून आलास का रे, गाढवा?" असं ओरडत चालवणारी बाई उतरली. ती आपली अम्मा होती.

"अम्मा, तू तर रोज सकाळी देवळात जातेस ना?"

"देव लायसन्स देत असता, तर तिथेच गेले असते!"

तिने माझा फोन जप्त केलाय, म्हणून ही चिठ्ठी. मग हळूच म्हणाली, "अप्पांना आता नीट दिसत नाही. मी शेजारी बसून 'थांबा' म्हणते, तेव्हा ते ब्रेक दाबतात. मी नसले की इंचरा सांगते. हुशार आहे तुझी भाची."

अक्का, तुझी लेक अजून पहिलीत आहे.

अप्पांच्या गाडीच्या चारही चाकांची हवा मी सोडलीय. त्यांनी विचारलं तर शेजारच्या मांजरावर ढकल. इंचराला शाळेतून आणायला रिक्षाने तूच जा.

हे लिहिताना अप्पा शेजारीच बसलेत. काय लिहितोस म्हणाले, तर मी वाण्याची यादी म्हटलं. त्यांनी कागद हातात घेऊन नीट बघितला आणि म्हणाले, "गूळ राहिलाय बघ."

श्रीवत्स