समोर बसून शिकलेली लेस

शनि., ११ जाने.
दुपारी पुरानी बस्तीत, लेस शिकवणाऱ्या सुलभामावशींकडे. मोतीबिंदूचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं. महिनाभर लेस बंद. त्यांच्या नातीच्या लग्नाच्या ओढणीची किनार मात्र लेस विणायच्या उशीवर अर्धीच, दोरा गुंडाळलेल्या लाकडी बॉबिनच्या चोवीस जोड्या लटकलेल्या. लग्न होळीआधी. आज टाचणी टोचताना दोनदा बोटात घुसली त्यांच्या. शेवटी उशीच माझ्याकडे सरकवली. "तू कर पुरी. तुझा हात माह्यासारखाच आहे."
आमच्या शनिवारच्या लेसवाल्या निर्मला आणि पल्लवीच्या देखत म्हणाल्या! ऑटोत उशी मांडीवर घेऊन रस्ताभर फुगून बसले होते. सहा वर्षांतलं पहिलं कौतुक.

मंगळ., १४ जाने.
संक्रांत. मावशींना तिळगूळ देऊन आले. किनार चार बोटं पुढे गेली. ऑफिसातून आल्यावर रोज तासभर बसते. हे म्हणतात, "तुझी सीरियल सुटली, बरं झालं."

शनि., १८ जाने.
मावशींच्या डोळ्याला पट्टी, म्हणून आज सगळ्या माझ्याकडे. सगळ्या म्हणजे दोघीच. निर्मला बीरगांवहून येते, ओढणीवर तिकडच्या कारखान्यांची काळी भुकटी. आधी हात-तोंड धुते, मगच पांढऱ्या दोऱ्याला हात लावते. पल्लवी पुण्याची, नवा रायपूरला नोकरी, सदा फोनवर लेसचे व्हिडिओ. बघता बघता म्हणाली, "काकू, तुम्ही उलटं करताय. यात डावी बॉबिन उजवीवरून जाते. तुमची उजवी डावीवरून."
म्हटलं, तुझा व्हिडिओच उलटा असेल, आमच्या मावशींकडे असंच. जरा तोऱ्यातच बोलले. 
निर्मला म्हणे, "दीदी, मैं भी तो ऐसे ही करती हूं।" करणारच. तिला मीच शिकवलं, शेजारी बसवून.

रवि., १९ जाने.
सकाळी उशी उन्हात ठेवून भिंगातून पाहिली. मावशींचं संपतं आणि माझं सुरू होतं तिथे आडवी बारीक रेघ. रेघेच्या वर पिळाचा कल एकीकडे, खाली दुसरीकडे. 
कारणही लगेच कळलं. मावशींची खोली एवढीशी. त्या पलंगावर, मी समोर स्टुलावर. त्यांचा डावा हात तो माझ्या उजवीकडे. दिसलं तसं केलं. सगळंच एकसारखं उलटं, म्हणून माझ्या स्वतःच्या लेसमध्ये कधी काही चुकलेलं दिसलं नाही. दुसऱ्याच्या कामाला जोडल्यावर उघडं पडलं.
आतापर्यंत वीतभर झालीय. उसवावी तर दोरा बारीक, उलट फिरवताना तंतू सुटतात, मधेच तुटला तर त्यांचंही काम जायचं. ठेवावी तर भर मांडवात नातीच्या डोक्यावर ती रेघ. आणि मावशींची ही बहुतेक शेवटची किनार.

बुध., २२ जाने.
पल्लवीला फोन केला. तुझंच बरोबर होतं, म्हटलं. "अहो काकू, कुणाला दिसणारे ते!" पोरगी मनाची मोठी.
मावशींची पट्टी निघाली म्हणे. सांगूच नये, असंही मनात येऊन गेलं. लाज वाटते, पण आलं.

शनि., २५ जाने.
एकटीच गेले, उशी घेऊन. मावशी काळ्या चष्म्यात. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी किनारीवरून बोट फिरवलं. रेघेवर थांबलं.
"इथून तुझं."
सगळं सांगून टाकलं. हसल्या. "मले पहिल्याच महिन्यात दिसलं होतं."
"मग काहून नाही सांगितलं?"
"सांगितलं असतं तर दुसऱ्या शनिवारी आली असती का तू?"
नसते आले. हार्मोनियम दोन महिन्यांत सोडली होती, त्यांना ठाऊक आहे. तरी राग आला. सहा वर्षं! वर निर्मलालाही मी तेच शिकवत बसले.
विचारलं, मग ही किनार माझ्याकडे काहून दिली?
"दुसरं होतं कोण? वाटलं, एवढ्याशा रेघेनं काय होते." बोट अजून तिथेच. "आता हात लागला तर टोचून राहिली."
"उसवू?"
"मले नको विचारू. उशी तुझ्याकडे आहे."
घरी येऊन स्वयंपाकाला लागले. भाजीत मीठ दोनदा पडलं.

शनि., १ फेब्रु.
सगळ्या मावशींकडे. मी नेहमीसारखी स्टूल ओढायला लागले, तर मावशी पलंगावर सरकल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या बाजूला बसले. आधी सरावाच्या छोट्या उशीवर. डावी उजवीवरून. हात ऐकेचना, अर्ध्या तासात दोन ओळी. राग कधी गेला कळलं नाही.
निर्मला बघत होती. "दीदी, अब हम लोग कौन सा वाला करें?"
मी मावशींकडे पाहिलं, मावशी माझ्याकडे.  पल्लवीनं उठून चहा ठेवला.
मग मोठी उशी पुढ्यात घेतली. शेवटची टाचणी उपटली. मावशींनी तळहात पुढे केला, त्यावर ठेवली. मग दुसरी. चार ओळी सुटल्या. दोरा अजून तरी धरून आहे.