थेरगाव ते चाकण, आतल्या वाटेने

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ९.४०
नवीन वर्ष, जुनीच वही. पहिली चार पानं फाडली. त्यांत रोज चालायला जाण्याचे संकल्प होते.
मालकांनी, म्हणजे मालोजीरावांनी, केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, शास्त्री, तुमची लेबलं अजून लोणच्याशेजारी बसून जातात, गिऱ्हाइकाला कळलं तर काय तोंड दाखवू?
(संस्कृतात एम.ए. असल्यामुळे कंपनीत मी शास्त्री. कॉम्प्युटर नंतर शिकलो. दोन्हींत प्रत्यय चुकला की अनर्थ.)
आरोप खरा आहे. चाकणच्या प्लँटमध्ये माल तयार होतो, खोक्यांवरची लेबलं मी थेरगावच्या ऑफिसात तयार करतो, आणि ती फाइल पेनड्राइव्हमध्ये घालून कंपनीच्या बसचे ड्रायव्हर बरकतभाई दुसऱ्या शिफ्टच्या फेरीत नेतात. स्वतःच्या डब्याच्या पिशवीतून. प्रिंटरच्या कॉम्प्युटरवर मेल चालत नाही, गिऱ्हाइकाचा नियम. पेनड्राइव्हही चालत नाही, पण बरकतभाईंना नियम लागू होत नाहीत.
२७ तारखेला गिऱ्हाइकाची माणसं बघायला येणार. तोवर दोन ठिकाणचे सर्व्हर आतून जोडायचे. नाही जमलं तर १ फेब्रुवारीपासून मी चाकणला, प्रिंटरशेजारी, कायमचा.
मी म्हटलं, आठ दिवस द्या. (मनात : चार.)
चाकणचा प्रश्न उद्भवतच नाही. ऑफिस ते घर सात मिनिटं. एक वाजता मी घरी जेवतो. बायको, साधना, शाळेत शिकवते, पाचपर्यंत. वडील, अण्णा, शहाऐंशीचे, डोळ्यांनी दिसत नाही, आणि समोर कोणी बसल्याशिवाय घास उचलत नाहीत. वीस मिनिटांची वामकुक्षी माझी. तीही धरावी.

६ जानेवारी, मंगळवार
अभ्यास. लिनक्सच्या गाभ्यात, ज्याला कर्नेल म्हणतात, बोगदा खणायची सोय असते. आपल्या माहितीचं पॅकेट दुसऱ्या पॅकेटाच्या पोटात घालायचं, वर नवा पत्ता लिहायचा, पलीकडे पोचलं की वरचं सोलून टाकायचं. कोशात कोश, उपनिषदातल्यासारखे. हे आम्हाला एम.ए.ला होतं. साधनाला सांगितलं. म्हणाली, मग त्यात मार्क किती पडले होते? बायकांना तत्त्वापेक्षा तपशिलात रस.

८ जानेवारी, गुरुवार. दुपारी २.१५
गुरुवारची औद्योगिक सुट्टी. ऑफिसात मी आणि कबुतरं. उत्तम एकाग्रता. अमृत चौघडी पाहून पहिली कमांड दिली.
बोगद्याला नाव द्यावं लागतं. महाद्वारसुरंगा असं ठेवलं. इंग्रजी लिपीत (mahadvarasuranga) सोळा अक्षरं झाली. कर्नेल पंधराच घेतो. एका अक्षरासाठी नाकारलं! नुसतं सुरंगा ठेवलं. यंत्राला काव्य कळत नाही, त्याला आपण काय करणार.

१० जानेवारी, शनिवार
बोगदा दोन्हीकडे उभा, पण पलीकडून उत्तर नाही. नेटवाल्यांच्या हेल्पलाइनवर चार फोन. चौथी बाई म्हणाली, सर, राउटर बंद करून चालू करा. मी तिला बोगद्याचा प्रोटोकॉल, क्रमांक सत्तेचाळीस, समजावून सांगितला. बावीस मिनिटं. ती म्हणाली, सर, राउटर बंद करून चालू करा.
करणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.
सायं. ५ : केला. (तिच्या सांगण्यावरून नव्हे.)

१२ जानेवारी, सोमवार. दुपारी १२.१५
विजय! इथून चाकणला पिंग केलं, म्हणजे आहेस का रे विचारलं, तर तिथून आहे आहे आहे. पंधरा मिलिसेकंदांत.
एक सुधारणा केली तीही नोंदवतो. बोगद्यात एका वेळी केवढं पॅकेट घालायचं याचा आकडा कर्नेलने आपणहून १४७६ धरला होता. बाकी सगळीकडे १५००. हे कसलं चोवीसाचं चोरटेपण? मी १५०० केला. दोन्हीकडे. सुबक.
लगेच परिपत्रक : आजपासून पेनड्राइव्ह बंद. बरकतभाईंना वाचून दाखवलं. म्हणाले, बरं झालं सायेब, लोणच्याला जागा झाली.

१३ जानेवारी, मंगळवार
चाकणहून कमरुन्निसाबाईंचा फोन. डिस्पॅच त्यांच्याकडे. म्हणाल्या, शास्त्रीजी, एक लेबल असलं की येतंय, दोनशेची फाइल टाकली की गोल गोल फिरतंय आणि बसतंय. ट्रकवाला माझ्या डोक्यावर उभा आहे, त्याला मी काय सांगू, बोगदा आलाय म्हणून?
मी म्हटलं, पिंग जातंय. म्हणाल्या, पिंग खोक्याला चिकटवू का?
दोष उघड आहे : प्रिंटर जुना.
संध्याकाळी बरकतभाईंना सहज सांगितलं. त्यांनी आपल्या बसचंच सुरू केलं. मोशीच्या पुढच्या आतल्या रस्त्यावर आडवी लोखंडी दांडी आहे ना सायेब, बस तिच्याखालनं बरोबर जायची, बोटभर राखून. मालकांनी टपावर कॅरियर बसवलं, आता न्हाई जात. मोटरसायकली जातात की. गाडीवर टोपी घातली तर गाडी ठेंगणी करावी लागती, दांडी काय उचलून घेणारे व्हय?
भोळा माणूस. मी नेटवर्कचं बोलत होतो.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. तिळगूळ. काम नाही.

१५ जानेवारी, गुरुवार
किंक्रांत. नवं काम निषिद्ध. जुनंही टाळलं.

१७ जानेवारी, शनिवार
लेबलं छापली जाऊ लागली! कमरुन्निसाबाईंना फोन केला, म्हणाल्या, येतात शास्त्रीजी, तुम्ही आरामात जेवून या. शुक्रवारपासून दोनशेच्या दोनशे. हात लावला नाही, आपोआप. तप फळाला येतं ते असं.
अण्णांना सांगितलं. म्हणाले, म्हणजे तू जात नाहीस ना? म्हटलं, कुठे जातोय. त्यांनी अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

२१ जानेवारी, बुधवार
निरीक्षणं. फाइल एकच्या सुमारास निघते, मी जेवायला असतो तेव्हा. पावणेतीनला पोचते. वेग बेताचा, पण नेम चुकत नाही. काल सव्वातीन झाले. योगायोगाने काल नाशिक फाट्यावर ट्रॅफिकही होतं.
बरकतभाई हल्ली माझ्या टेबलावर चहा पिऊन जातात वाटतं. माउसला तेलाचा वास.

२२ जानेवारी, गुरुवार
सुट्टी. बोगद्यातून आज काही गेलं नाही. त्यालाही विश्रांती हवी.

२६ जानेवारी, सोमवार
झेंडावंदन. मालोजीराव म्हणाले, उद्या सगळं नीट ना? मी म्हटलं, साहेब, उद्या मी जेवायलासुद्धा उठणार नाही.
बरकतभाई बाजूलाच होते. म्हणाले, उठा की सायेब. जेवायला उठाच. काळजी वाटते त्यांना माझी.

२७ जानेवारी, मंगळवार
११.०० : आसनस्थ. पिंग उत्तम.
१२.५० : बरकतभाई दारात. सायेब, अण्णा वाट बघत असतील. आज नाही म्हटलं.
१.०५ : पुन्हा आले. सायेब, पाच मिनिटं बाहेर तरी जावा. म्हटलं, का? म्हणाले, गाडी सुटायची वेळ झाली. म्हटलं, मग सोडा. खिशातल्या खिशात काहीतरी चाचपत गेले.
१.३० : फाइल पाठवली. तीनशे लेबलं.
१.५० : गोल गोल.
२.४५ : पावणेतीनला हमखास पोचते.
३.१० : फोन. चाकणहून मालोजीराव, पाहुण्यांसमोर, अत्यंत मृदू आवाजात : शास्त्री, कमरुन्निसाबाई विचारतायत, आज बरकत रिकामा का आला?
४.३० : पेनड्राइव्हचं सगळं कळलं; मी जेवायला गेलो की बरकतभाई माझ्या कॉम्प्युटरवरून फाइल भरून नेत. त्यांनी आणि कमरुन्निसाबाईंनी माझी लाज राखली होती, ट्रक उभा राहू नये म्हणूनही असेल. मी जागेवर बसून ती उधळली.
घरी पाचला. अण्णा ताटासमोर तसेच. कोण, तू का, म्हणाले, आणि भातावर आमटी ओतायला हात पुढे केला.

३० जानेवारी, शुक्रवार
मालकांनी मारुंजीहून विजयश्री नावाच्या इंजिनिअरबाईंना बोलावलं. चार मिनिटं बसल्या. विचारलं, हे पंधराशे कोणी केलं? मी म्हटलं, का? म्हणाल्या, वर दुसरं पॅकेट चढवलं की चोवीसने उंची वाढते, मग आतलं तेवढं लहान नको? कर्नेल आपोआप १४७६ धरतो, काका. तुम्ही हात लावला नसता तर पहिल्याच दिवशी चाललं असतं.
तीनशे लेबलं अकरा सेकंदांत.
बरकतभाई मागे उभे होते. टोपीचा विषय न काढता माझा चहा पुढे सरकवला. फार सुसंस्कृत माणूस.
मालोजीराव म्हणाले, शास्त्री, बोगदा झकास झाला. आता लेबलं चाकणहूनच बनवता येतील, थेरगावला माणूस लागतच नाही. एक तारखेला रविवार, तो सोडून देऊ, सोमवारपासून चाकण.
फक्त काही दिवसांपुरतं असावं.

२ फेब्रुवारी, सोमवार
पहिल्या शिफ्टची बस, डांगे चौकातून सव्वासहा. बरकतभाईंनी पुढची सीट राखली होती. टपावरचं कॅरियर त्यांनी रविवारी उतरवलं, त्यामुळे आतल्या रस्त्याने. दांडी आली तशी मी मान खाली घातली. म्हणाले, बसा ताठ सायेब, आता जाते.
काम : प्रिंटरमध्ये कागद अडकला तर काढणे. अडकला नाही.
एक वाजता घरी फोन. अण्णांना विचारलं, जेवलात का? म्हणाले, हो. भाकरी मऊ होती? हो. आमटी घेतली? हो. लगेच लगेच उत्तरं आली. सोय होऊ शकते. रोज एकला फोन करायचा, एवढा संकल्प पुरे.
रात्री ८ : साधना म्हणाली, मी आले तेव्हा ताट झाकलेलंच होतं.