उपाशी उंदरांची साखर

२ डिसेंबर
बदनापूर. वडीगोद्रीच्या हाटेलातलं काम सोडलं. आता औषधाच्या कॉलेजात उंदीर सांभाळायचे. किती दिवस टिकतो, बघू.
काजलदीदी पीएचडी करून राह्यली. लोखंड अन् कसल्यातरी आम्लाची विटकरी भुकटी. म्हणली, "दिप्या, मधाचं पोळं समज, डोळ्याला न दिसणारं. भोकाभोकात साखरेच्या बिमारीचं औषध भरलंय. पोटात गेलं की हळूहळू सुटतं." साधं औषध दुपारीच संपतं, हे अंधार पडेपर्यंत पुरायला पाहिजे म्हणे. मला तर गेरूच वाटला.

५ डिसेंबर
उंदरांना साखरेची बिमारी मुद्दाम लावलेली. सकाळी त्यांना भुकटी पाण्यातून पाजायची, मंग दिवसभर नुसतं पाणी. अंधारल्यावर शेपटीतून थेंबभर रक्त. आज बी रक्तातली साखर वर.
दीदीचं काम तपासणारे सर तिला म्हणले, "पोळं गळतंय तुझं." मंग माझ्याकडं बघून, "न्हाईतर कुणीतरी खायला घालतंय."
दीदी बी माझ्याकडंच बघत होती. खोलीची चावी माझ्याकडं ना.
दीदी जैन, दिवस मावळायच्या आत जेवती. तिची मम्मी, काकीजी, रोज जालन्याहून डबा आणतात. मला बी रोटी देतात. आज घेतली न्हाई.

७ डिसेंबर
भुशात चुरा सापडला. बाजरीचा, तुपाचा वास. मी बी बाजरीच खातो. कुणी बघितलं असतं तर खेळ खलास. खिडकीतून फेकला. फेकल्यावर डोक्यात आलं, पुरावाच फेकला की येड्या.
सरच करत असतील? पण ते तर पिंजऱ्याला बोट लावत न्हाईत, किळस येती त्यांना.
ओळखीचा ट्रकवाला शहागडला निघाल्ता. चल म्हणला, गोदावरी बघू. मन लई झालं. गेलो न्हाई. पळाला म्हणतील.

१० डिसेंबर
आज साखर खाली! अंधारल्यावर बी खालीच. दीदी नाचायचीच बाकी होती. "बघा सर, गळत न्हाई!"
सर: "एक दिवस निघाला म्हणून काय? रोज दाखव. न्हाईतर बंद करू."
आज वेगळं काय होतं? मी तर रोजच्यासारखा दार नुसतं लोटून चहाला गेल्तो, रेल्वे बघत बसलो. काकीजी तेवढ्या आल्या न्हाईत, लग्नाला गेल्या. म्हणजे...
न्हाई, असं कसं.

१२ डिसेंबर
चहाला गेलो न्हाई. कपाटामागं उभा राह्यलो. काकीजी आल्या, डब्यातली रोटी कुस्करली, पिंजऱ्यात टाकली. समोर गेलो तर दचकल्या बी न्हाईत.
"सूरज डूबतो बेटा. माझी पोरगी जेवणार अन् हे मुके जीव भुके?"
"काकीजी, दीदीचं काम बुडतंय याच्यानं."
"दोन घासानं काय बुडतंय? घे, तू बी खा."
खाल्ली.

१३ डिसेंबर
दीदीला सांगितलं. वाटलं रडंल, न्हाईतर हसंल. तिनं आधी दार लावलं. मंग हळूच, "सरांना बोललास?"
न्हाई म्हणलो.
"बोलू नको. पप्पांना उंदरांचं माहीतच न्हाई. त्यांना वाटतं मी नुसती भुकटी बनवते. सर थेट घरी फोन लावतील, अन् मी मुक्या जिवांना टोचते हे पप्पांना कळलं की माझं सगळं बंद."
अन् माझं?
उद्या सरांनी दोघांना बोलावलंय. दीदी म्हणली, "मी बोलते. तू नुसती मान हलव." कशाला हलवायची, ते सांगितलं न्हाई.
निघताना म्हणली, उंदरांच्या खोलीची चावी दे. चावी दिली म्हणजे चोर मीच ठरलो.
घरी राह्यली म्हणलो. खिशातच होती.