सुताबाहेरचं रोप

प्रिय दादा,

उद्या मुंबईला परतले की पुन्हा पुढाऱ्यांची टवाळी लिहायला बसेन आणि खरं बोलायची सवय मोडेल, म्हणून आजच लिहिते. आपल्या श्रीवर्धनच्या वाडीत तुझ्या रिकाम्या जागी आज पोफळीचं रोप लावलं. तुला न विचारता. रागावलास?

वादळात तिसऱ्या रांगेतली पोफळ पडली तेव्हाच आई रोप आणायला निघाली होती. तूच अडवलंस. "राहू दे गं, माझं अख्खं काम त्या खड्ड्यात आहे." आईचा चेहरा! एवढं शिकवलं आणि मुलगा खड्ड्यात!

मग पडवीत बसून तू आम्हाला तुझं भौतिकशास्त्र समजावलंस. पाट सगळीकडे अगदी सारखा असेल, ना दगड ना गाळ, तर एकदा ढकललेलं पाणी थांबणारच नाही. धातूतल्या विजेचंही तेच. पण खऱ्या धातूत ती अडते. म्हणून हिशेबातल्या त्या सारखेपणात आधी मुद्दाम खोड घालायची.

"ते खोड की ती खोड?" मी पाटात आडव्या पडलेल्या पोफळीकडे बोट दाखवलं.

"दोन्ही," म्हणालास.

आणि तेही सरळ नाहीच! धातूतली इलेक्ट्रॉनांची गर्दी हिशेबात मावत नाही, म्हणून एक मिती जास्त असलेलं जग कल्पायचं. धातू त्याच्या काठावर, पोटात कृष्णविवर. गणित आत करायचं, उत्तर काठावर वाचायचं. काठावर खोड घातली की ती आत कृष्णविवरापर्यंत पोचते, म्हणे.

"दारात एवढी विहीर असताना कृष्णविवर कशाला रे?" आईने विचारलं. किती हसलास! चहा सांडलास माझ्या साडीवर.

मला वाटलं, कळलं. कुठलं काय! कळलं ते तू गेल्यावर. दिवस गुळगुळीत झालेत रे. आठवण एकदा सुटली की घरंगळतच राहते, कुठे अडत नाही. पूर्वी तुझा फोन अडवायचा. "चिमे, या वेळचा लेख बोथट आहे हं." आता माझ्या लेखांत खोड कोण काढणार? काठापर्यंत आम्हाला आणलंस आणि स्वतः आत निघून गेलास. हे बरं केलंस का?

आईला ती जागा रिकामी बघवत नव्हती. "खिडकी उघडली की तेवढंच दिसतं गं मला." आणि मला ती भरलेली बघवणार नव्हती. तुझं काही उरलं होतं ते तिथेच ना! आम्ही भांडलो, खूप भांडलो. रोपावरून भांडतोय असं दाखवत.

शेवटी आज मीच कुदळ उचलली. रांग सरळ यावी म्हणून आईने सूत धरलं. खड्डा मात्र मी सुतापासून हातभर बाजूला घेतला, पाटाच्या अगदी तोंडाशी. आता ओरडा बसणार म्हणून वाकलेलीच राहिले.

आईने सावकाश सूत गुंडाळलं. "असू दे. त्याचीच खोड."

मग तिने पाट सोडला. पाणी धावत आलं, रोपाशी अडलं, जरा घुटमळलं आणि वळसा घालून पुढे गेलं. किती दिवसांनी काहीतरी अडलेलं बघत होतो आम्ही!

दादा, वचन देते. ते रोप कुणालाही सुतात आणू देणार नाही. आणि वाडीत आले की आधी तिथे अडेन. मगच पुढे जाईन.

तुझी खोडकर
चिमी