धावपट्टीच्या बाजूची खोली

आप्पा,

परवा म्हसा गावच्या जत्रेत फौजीकाका भेटले. तुम्ही गेल्याला आता बरीच वर्षं झाली, तेव्हा ते अजून आहेत हे तुम्हाला सांगायला हवं. पाठीत वाकलेत, एका कानाने नीट ऐकू येत नाही, पण वरून विमान गेलं की बोलणं अर्ध्यावर टाकून मान वर करतातच. त्यांच्याशी मी कितीतरी वर्षांनी बोलले. ते जे बोलले त्यासाठी हे पत्र. तुम्ही असतात तर समोर उभी राहून विचारलं असतं आणि माझा आवाज चढला असता. लिहितानाही चढेल, तेवढं ऐकून घ्या.

सुरुवातीपासून सांगते, कारण तुम्हाला सोयीचं तेवढंच आठवायची सवय होती. शहापूरच्या बाजारपेठेतला आपला फोटो स्टुडिओ रविवारी दुपारी बंद व्हायचा. लोकांना वाटायचं, फोटोवाला शेतावर गेला. आपण जायचो आटगावच्या पुढे, तानशाच्या रस्त्यावरच्या माळावर, कारण मुंबईत उतरणारी विमानं तिथे खाली यायला लागलेली दिसत. तुम्ही, फौजीकाका, डेअरीवाले मामा, हार्डवेअरवाले शेठ, दवाखान्यातले कंपाउंडर आणि मी. फौजीकाका हवाई दलातून निवृत्त झालेले, पण भटारखान्यातून. "मी विमान नाय चालवलं, चालवणाऱ्यांना जेवायला घातलं," हे ते स्वतःच सांगून मोकळे व्हायचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. एकदा आवाज आला तशी मी वर बघितलं आणि टाळी वाजवून ओरडले, "जम्बो!" तुम्ही माझ्या डोक्यात टपली मारलीत. "बघून कोण पण सांगंल. डोळं मिट. आदी ऐक, मंग बघ." मी रुसले, पण शिकले. पुढे कॉलेजात जाईपर्यंत त्या माळावर नुसत्या आवाजावरून विमान माझ्याइतकं अचूक कुणी सांगत नसे, आणि तुम्ही ते माझ्यासमोर कधी बोलला नाहीत तरी गिऱ्हाइकांना सांगायचात. काउंटरमागे बसून मी ऐकायचे.

बाहेर जायची गोष्ट पहिल्यांदा काढली डेअरीवाल्या मामांनी. माळावर भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता म्हणाले, "किती वर्सं आमी नुसती पोटं बघायची रे? एकदा बाजूनं बघू, चढताना, उतरताना." सगळे हसले, पण पुढच्या रविवारी कुणीच दुसरा विषय काढला नाही. सिंगापूर ठरलं, आणि ठरलं तेही आपल्या पद्धतीनं: सिंगापूरला जायचं आणि सिंगापूर बघायचं नाही. चार दिवस विमानतळाशेजारी राहायचं आणि विमानं बघायची. इंग्रजीत लिहिणारी घरात मीच, म्हणून सगळी आखणी माझ्याकडे आली. दोन हिवाळे मी दुसरं काही केलं नाही.

कल्याणचा तो एजंट आठवतो? त्यानं आपल्यापुढे प्राणिसंग्रहालयाचे, झगमगत्या दुकानांचे कागद मांडले. आपण ते त्याच्याकडे परत सरकवले. तो म्हणाला, सरळ जाणारं विमान आहे, उत्तम आहे. मी म्हटलं, सरळ नको, कोलंबोत बदलायचं आहे. का? तर दोनदा चढायला आणि दोनदा उतरायला मिळतं. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं मान डोलावलीत. मग मी विचारलं, धावपट्टीच्या बाजूच्या खोल्या मिळतील का? त्यानं उठून केबिनचं दार लोटलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काका, खरं सांगा, सोनं आणायचंय का?" परतीच्या वाटेवर शेठ इतके हसले की त्यांना ठसका लागला. हॉटेलला मी स्वतः फॅक्स केला. उत्तर आलं, त्या बाजूला आवाज फार येतो म्हणून तिथल्या खोल्या कुणी मागत नाही, तुम्हाला हव्या तितक्या घ्या. तो कागद माळावर मी मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा कंपाउंडरनं मला हात जोडले होते.

तारखाही मीच काढल्या. भाताची झोडणी आटोपलेली हवी, म्हशाची जत्रा चुकवायची नाही आणि लग्नसराई सुरू व्हायच्या आत परत यायचं. त्या फटीत मी बरोबर एक आठवडा बसवला. पासपोर्टचे फोटो तुम्ही काढलेत, सगळ्यांचे एकाच दुपारी. शेवटी मला स्टुलावर बसवलंत, हनुवटी धरून मान सरळ केलीत आणि म्हणालात, "हसू नको गो. पासपोर्टला हसत नाय." मला हसू आवरत नव्हतं. तुम्ही तीनदा क्लिक केलंत. आणि त्याच संध्याकाळी तुमची दुर्बीण माझ्या हातात ठेवलीत. "ही आता तुझी." मी काही मागितलं नव्हतं, तुम्ही आपण होऊन दिलीत.

आता स्वयंपाकघर. जत्रा होऊन चारेक दिवस झाले आहेत, मी चुलीपुढे भाकरी थापते आहे, आई विहिरीवर गेली आहे. तुम्ही उंबऱ्यात उभे राहता, आत येत नाही. म्हणता, "फौजी नाय बोलतोय."

"कशाला नाय?"

"बाईमाणूस बरोबर नको बोलतो. लोकं बोलतील."

"आनि तुमी काय बोललात?"

"मी काय बोलणार? वयानं सगळ्यांत मोठा तो. त्याचा शब्द मोडायचा कसा?"

भाकरी तव्यावर जळाली, मी ती उलटलीच नाही. मला वाटलं काही समजुतीचं बोलाल. तुम्ही म्हणालात, "दुर्बीण दे जरा. मला लागंल तिकडं."

दुसऱ्या दिवशी दोन तिकिटं रद्द करायला तुम्ही मलाच कल्याणला पाठवलंत. एक माझं, एक फौजीकाकांचं. त्यांचं का, विचारलं तर म्हणालात, डॉक्टरनं बीपीमुळे नाही सांगितलंय. मला आनंद झाला, आप्पा. मनात म्हटलं, बरं झालं, मला अडवलं आणि स्वतःही अडकला. एजंट म्हणाला, "मॅडम, एवढं सगळं तुम्ही केलंत आणि तुम्हीच नाही?" मी म्हटलं, घरी अडचण आहे.

तुम्ही चौघं गेलात. तुम्ही तिथून शेजारच्या फोनवर फोन केलात, खोली बरोबर मिळाली, खिडकीतून सगळं दिसतं, म्हणालात. मी फोन आईकडे दिला. त्याच आठवड्यात फौजीकाका आपल्या ओटीवर येऊन बसले. मी त्यांना पाणी दिलं नाही. मी घरात होते, ते मला आतून दिसत होते, त्यांनी एकदा हाकही मारली, "बाय, हायस का?" मी दळण निवडत बसले. आपल्याकडे दारात आलेल्या वैऱ्यालाही पाणी देतात. ते थोडा वेळ बसून उठून गेले. पुढे माझं लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं, त्यांना पत्रिका द्यायची नाही. तुम्ही नुसतं "हूं" केलंत. तुमच्या तीस वर्षांच्या मित्राला तुमच्या एकुलत्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं नाही, आणि तुम्ही एका शब्दानं वाद घातला नाहीत. मला तेव्हा वाटलं, तुम्ही माझ्या बाजूचे आहात.

परवा जत्रेत नवऱ्याला बैल बघायचे होते. मी घोंगड्यांच्या दुकानांकडे वळले तर फौजीकाका तिथे सावलीला बसलेले. माझं वय झालं म्हणा किंवा त्यांचं बघवलं नाही म्हणा, मी जवळ गेले. बसले. आणि राहवलं नाही, विचारलं, "काका, तवा मी आले असते सिंगापूरला तर तुमचं काय गेलं असतं?"

त्यांनी चांगला कान माझ्याकडे केला. मी पुन्हा विचारलं.

"माझं?" ते म्हणाले. "माझं काय जाणार गो? तुझ्या पायी तर मी घरी बसलो."

मला काही कळेना. मग त्यांनी काठीनं बैलबाजाराच्या वरच्या अंगाला दाखवलं. "तिथंच. त्या वर्साला तुझ्यासाठी स्थळ आलं होतं ना, मुरबाडकडलं? ते पाव्हणे तुझ्या बापाला बोलले, पोरगी परदेशात चाललीय ऐकतो, गड्यांबरोबर. तुझा बाप बोलला, छे, ती कुठली जातेय. ती नुसती आमची कागदं लिवते. मी बाजूलाच हुभा होतो. मंग आमाला सगळ्यांना सांगितलं, पोरगी येत नाय. मी बोललो, सगळं तिनं आखलं, ती नाय तर मी पण नाय. भांडलो त्याच्याशी."

"मंग एवढी वर्सं बोलला का नाय?"

"बापलेकीच्या मदी मी कशाला बोलू? तू पाणी नाय दिलंस तवाच समजलो, त्यानं माझं नाव सांगितलं. बोललो, असंल त्याची काय अडचण." आणि हसले. "बीपी तर मला अजून नाय."

मी त्यांच्या पाया पडले. भर बाजारात पाय मागे घ्यायला त्यांना जमेना, कसनुसे झाले. मी त्यांना एक घोंगडी घेऊन दिली आणि ती त्यांनी घेतली, न घेऊन मला आणखी लाजवलं नाही.

तुम्ही मला फसवलंत, आप्पा. नेलं नाहीत, हे मी एक वेळ समजून घेतलं असतं. स्थळासमोर बापाची जीभ अडखळते, मी आता दोन मुलींची आई आहे, मला कळतं. त्या लोकांनी माघात येऊन मला बघितलं आणि मुलाच्या आत्याला माझा रंग पसंत पडला नाही म्हणून निरोप धाडला. ज्यांच्यासाठी मला घरी ठेवलंत ते आपल्या दारात पुन्हा आले नाहीत. तेही जाऊ दे. पण माझ्यासाठी भांडलेला एकच माणूस होता, आणि तुम्ही मला त्याच्याच अंगावर सोडलंत. मी त्याला तोडत गेले आणि तुम्ही बघत राहिलात. तुमच्या बाराव्याला ते मांडवाच्या टोकाला बसले होते. मी पान त्यांच्यापर्यंत नेलं नाही, दुसऱ्याच्या हातून पाठवलं. तेव्हा तुम्ही सांगायला नव्हतात, पण त्याआधी तर होतात ना? दवाखान्यात मी आठ दिवस तुमच्या उशाशी होते. विमानं, पाऊस, भाताचा भाव, सगळं बोललात. आणि "ती नुसती कागदं लिवते", हे वाक्य मी कुठे ठेवू ते मला अजून कळलेलं नाही.

पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढंही लिहून टाकते. तुम्ही परत आलात तेव्हा बाजारपेठ फोटो बघायला लोटली होती. आणि तुम्ही चौघांनी मिळून काढलेल्या सगळ्या रोलांमध्ये एकही माणूस नव्हता. नुसती विमानं. चढणारी, उतरणारी, उभी. लोक विचारायचे, "तुमी कुठं हाव याच्यात?" तुम्ही चौघं एकमेकांकडे बघायचात. निम्म्या शहापूरला आजही वाटतं की तुम्ही मुंबईच्या पुढे गेलाच नव्हतात. त्यातले दहा-बारा फोटो मोठे करून तुम्ही काचेच्या कपाटात लावलेत आणि खाली नावं लिहायला मला सांगितलंत. मी सुंदर अक्षरात लिहिली, आणि सगळी चुकीची लिहिली. दोन इंजिनांच्या विमानाखाली जम्बो, जम्बोखाली भलतंच काही. मुद्दाम. तुम्ही फौजीकाकांशी माझ्यासाठी भांडला नाहीत, असं तेव्हा समजत होते, त्याचा राग होता.

पहिल्याच दिवशी डेअरीवाले मामा कपाटापुढे थांबले. मी मागच्या खोलीत पासपोर्टचे फोटो कापत होते. "अरे, हे जम्बो कुठून झालं? सगळीच चुकलीत की रे."

"असू दे," तुम्ही म्हणालात.

"लोकं हसतील."

"हसू देत. पोरीनं लिवलंय ना? मंग तेच ऱ्हाईल."

आणि तुम्ही होतात तोवर ते तसंच राहिलं. त्या दिवशी कात्री हातात धरून मी मनातल्या मनात तुम्हाला माफ करून टाकलं होतं, तुम्हाला न सांगता. तेव्हा मला वाटत होतं, माफ करायचं ते एवढंच आहे. आज ती माफी परत घ्यायची म्हणून लिहायला बसले. एवढी पानं झाली, आप्पा, आणि अजून ती पुरती परत घेता आलेली नाही.